उत्तराची टकटक

१

शनिवारी सकाळी आन्सगर फॉस सापडला. वाचनालयाच्या गच्चीवर पंखाघर आहे, तिथं लोखंडी शिडीच्या पायथ्याशी उताणा पडलेला, मान भलतीकडे वळलेली. लोकरी टोपी मात्र डोक्यावर जशीच्या तशी. सापडला तो राखणदार क्लेम राडकेला. क्लेमनं आधी पोलिसांना फोन केला आणि मग मला, कारण पंख्यापासून तळमजल्याच्या वाचनखोलीपर्यंत जाणारा तो पत्र्याचा लांबलचक बोगदा, म्हणजे डक्ट, माझ्या हातचा. मी लेरॉय कुबियाक. चाळीस वर्षं पत्रे कापतोय. दोन बोटांची टोकं पत्र्यालाच देऊन बसलोय.

मी पोचलो तेव्हा आन्सगरला खाली नेत होते. चादरीबाहेर त्याचे हात आले होते. दोन्ही हातांच्या चार-चार बोटांवर एक निळी रेघ, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. शिडीच्या दांड्यावर आपटले असतील, कोणीतरी म्हणालं. मला बघवेना. पंखा घरघरत होता, डक्ट कुठंतरी खडखडत होता, आणि खडखडणारा पत्रा मला जन्मात सहन झालेला नाही. रडू फुटू नये म्हणून मी सवयीनं चार ठिकाणी हात फिरवला, खडखड बंद केली आणि खाली आलो.

आन्सगरचं काम आवाज मारण्याचं. वाचनखोलीत पंख्याची घरघर यायची, ती घालवायला त्यानं यंत्र बसवलं होतं. पंख्याजवळ एक माइक घरघर ऐकतो. तळघरातली पेटी तिच्या बरोबर उलटा आवाज बनवते. डक्टच्या कुशीतला स्पीकर तो सोडतो, आणि दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. पुढं आणखी एक माइक असतो, तो उरलंसुरलं ऐकून पेटीकडे चुगली करतो. एवढंच. पण त्याआधी पेटीला तो डक्ट शिकवावा लागतो. त्यासाठी पंखा बंद करायचा आणि स्पीकरमधून कानठळ्या बसतील अशी फूस, म्हणजे एकसारखा फुसफुसता आवाज, सोडायची. डक्टमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाच्या कानाशी ती सुटली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आन्सगरचा एक नियम होता. खालच्यानं पत्र्यावर तीनदा ठोकायचं. वरच्यानं तीनदा उत्तर द्यायचं. उत्तर नाही, तर फूस नाही.

आदल्या संध्याकाळी, म्हणजे शुक्रवारी, खाली होता ओडेल प्रूट. चौतीस वर्षांचा, अकरा वर्षं आन्सगरच्या हाताखाली. तो म्हणत होता, "मी सात-दहाला ठोकलं. उत्तर आलं. मगच फूस सोडली. मग दर शुक्रवारसारखा हॉटेलात मासे खायला टेबल धरून बसलो. आन्सगर आलाच नाही. मला वाटलं, गेला असेल घरी. त्याची प्लेट मी बांधून घेतली होती हो, लेरॉय."

क्लेम राडके बॉयलरपाशी होता. तो म्हणाला, "फूस सुटली आणि लगेच वर आवाज झाला. आधी धाड, मग धप्प."

झालं. दोन आणि दोन चार करायला गावाला किती वेळ लागतो? ओडेलनं उत्तराची वाट पाहिली नाही, माशाची घाई होती, आन्सगर शिडीवर असताना फूस सुटली, तो दचकला आणि पडला. कागदावर अपघात लिहिला गेला, पण तोंडातोंडी ओडेलचंच नाव. आन्सगरच्या कंपनीतल्या बाकीच्या दोघा भागीदारांनी पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी संध्याकाळी बैठक ठेवली, ओडेलला काढण्यासाठी. त्याहून वाईट घडलं ते बुधवारी दफनाच्या वेळी. आन्सगरची बायको थोरा, जिनं अकरा वर्षं दर रविवारी ओडेलचं ताट वाढलं होतं, तिनं त्याला समोर पाहून तोंड फिरवलं.

आणि त्याच संध्याकाळी सात-दहाला वाचनखोलीतल्या जाळीतून आवाज आला. टक, टक, टक.

२

रोज संध्याकाळी वाचनखोलीत गोधड्या शिवायला जमणाऱ्या बायका तिथं बसल्या होत्या. पाचजणी, सगळ्यांची साठी उलटलेली. गुरुवारी पुन्हा तेच. त्यातली मर्ना गेर्केन शुक्रवारी मला दुकानात गाठून म्हणाली, "लेरॉय, तुझ्या त्या पत्र्यात आन्सगर आहे. तो ठोकतो आणि वाट बघतो. उत्तर मिळेपर्यंत तो काही जायचा नाही."

"मर्ना, भुतांना शिडी लागते का?"

"थट्टा करू नकोस. यायचं असेल तर ये नि ऐक."

मी भुताखेतांना भीक घालणारा माणूस नव्हे. पण गुरुवारी ती टकटक मीही ऐकली होती, दाराबाहेर उभा राहून, आणि आत पाऊल टाकायची माझी छाती झाली नव्हती. हे मी मर्नाला सांगितलं नाही. सरळ गाडी काढली आणि व्हर्ना होल्मकडे गेलो.

व्हर्ना बहात्तर वर्षांची. तंत्रशाळेत आवाजाचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेली. आन्सगरची पहिली पेटी तिच्याच गॅरेजमध्ये जन्माला आली. एका कानात यंत्र, दुसऱ्यानं मुळीच ऐकू येत नाही, आणि तरी गावातली कुठला पाइप का वाजतो ते लोक तिलाच विचारतात.

"भुताचं राहू दे," ती म्हणाली. "ओडेल खोटं बोलतोय असं तुला वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतो? क्लेमनं ऐकलंय."

"क्लेमनं काय ऐकलं?"

"फूस. मग धाड, धप्प."

व्हर्नानं कॉफीचा कप खाली ठेवला. "धाड आणि धप्प? माणूस एकच ना पडला?"

मी म्हटलं, आधी शिडीला आपटला असेल. तिनं कोट चढवला आणि म्हणाली, "चल. भुताला भेटू."

शुक्रवारी सातला आम्ही वाचनखोलीत बसलो. गोधडीवाल्या आल्या नव्हत्या, एकीनं आपली सुईसुद्धा टेबलावरच टाकून पळ काढला होता. यंत्र चालू होतं, घरघरीचा मागमूस नाही. मी तुम्हाला सांगतो, ती शांतता चांगली नव्हती. पूर्वी घरघरीखाली सगळं झाकून जायचं. आता वरच्या मजल्यावर कुणी उसासा टाकला तरी जाळीतून खाली उतरायचा. आन्सगरचं यंत्र फक्त जाड आवाज गिळतं. बारीक आवाज सुटतात.

सात-दहा. टक, टक, टक.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. खरंच सांगतो. तीनच ठोके, आणि मग ती लांबच लांब थांबण्याची वेळ. कोणीतरी पलीकडे कान लावून उभं आहे हे कळत होतं.

"वर चल," व्हर्ना कुजबुजली.

"मी?"

"नाही, माझ्या मेलेल्या नवऱ्याला बोलावते. चल!"

तीन जिने चढून गेलो. पंखाघराच्या दाराखाली उजेडाची फट होती. व्हर्नानं दार ढकललं. डक्टला कान टेकून, हातात पाना घेऊन ओडेल उभा होता.

३

त्याचे डोळे सुजलेले होते. आम्हाला पाहून त्यानं पाना लपवलासुद्धा नाही.

"रोज येतोस?" व्हर्नानं विचारलं.

"बुधवारपासून. मी एक तपासतोय, मिसेस होल्म. माणूस नसताना या पत्र्यातून उत्तर येऊ शकतं का? थंडीनं पत्रा आकसून, झडप हलून, कशानंही. त्या दिवशी मी ऐकलं ते उत्तर होतं की मला हवं होतं म्हणून ऐकू आलं?" त्याचा आवाज फाटला. "आता मला आठवतच नाहीये. आधी शपथेवर सांगत होतो. आता झोपेत ठोकतो, तेव्हा कधी उत्तर येतं, कधी येत नाही. माझ्या हातून तो मेला असेल तर मला कळू तरी दे. डुलुथला बहिणीकडे निघालोय मंगळवारी, पण हे घेऊन कुठं जाऊ?"

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ठेवला नाही. मूर्खासारखा शिडीकडे बघत राहिलो. शिडीच्या टोकाशी, डक्टच्या अंगाला, मी केलेलं दोन फुटी झाकण होतं. चारी कोपऱ्यांना चार कड्या, चारही घट्ट फिरवलेल्या.

व्हर्ना म्हणाली, "ओडेल, पेटीच्या आठवणी कुणी काढून पाहिल्या?"

"कसल्या आठवणी?" मी विचारलं.

"वीज गेली तर शिकलेलं पुसलं जाऊ नये म्हणून पेटी दर पाव तासाला त्याची प्रत ठेवते," ओडेल म्हणाला. "पण त्यात डक्टचाच आकार असतो. माणूस नसतो."

"आणि फूस संपल्यावर?"

"मोठी फूस संपली तरी एक बारीक फूस कायम चालू असते. इतकी हळू की कुणाला ऐकू येत नाही. तिच्यावर पेटी शिकत राहते. आन्सगरचीच कल्पना."

"म्हणजे शुक्रवारी संध्याकाळभर," व्हर्ना म्हणाली, "या डक्टमध्ये कोणीतरी जागं होतं."

४

शनिवारी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात टेबलभर कागद पसरले होते, पेटीतून काढलेल्या प्रतींचे. एकेका कागदावर एकेक वाकडीतिकडी रेघ. बाहेर तळं गोठून कडकड वाजत होतं.

"लेरॉय, स्पीकरपासून त्या झाकणापर्यंत किती अंतर?"

"एकतीस फूट. माझ्या टेपनं."

"म्हणजे जाऊन-येऊन बासष्ट. आवाजाला पंचावन्न सहस्रांश सेकंद लागतात." तिनं पेन्सिल टेकवली. "सात-पंधराची प्रत. फूस झाल्यावर पाच मिनिटांनी. पंचावन्नवर काही नाही, रेघ सपाट. झाकण बंद आहे, आवाज सरळ पुढं गेला. पंखाही बंद. आता ही साडेसातची बघ."

पंचावन्नवर रेघ खाली बुडी मारून वर आली होती.

"बंद भिंतीवरून प्रतिध्वनी सुलट येतो. भोकावरून उलटा येतो. हा उलटा आहे. साडेसातला तुझं झाकण उघडं होतं, लेरॉय. पंखा अजून बंद. आणि ही पावणेआठची. पंखा चालू, झाकण बंद."

ओडेल खुर्चीवरून उठला होता. "म्हणजे फूस झाल्यावर त्यानं झाकण उघडलं? म्हणजे फूस झाली तेव्हा तो..."

"जिवंत होता."

"शक्य नाही," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला वाईट वाटलं, पण पत्र्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. "झाकण उघडलं गेलंच नव्हतं. शनिवारी सकाळी मी स्वतः तिथं होतो. चारही कड्या घट्ट. पोलिसांनीसुद्धा तेच लिहून घेतलं. खाली पडून मेलेला माणूस परत वर चढून कड्या लावतो का? तुमची पेटी चुकतेय."

ओडेल पुन्हा खाली बसला. एवढा मोठा गडी, पण पोतं ठेवल्यासारखा बसला. व्हर्नानं माझ्याकडे बघत अगदी साधा प्रश्न विचारला.

"पोलीस झाकणापाशी गेले ते तुझ्या आधी की नंतर?"

  माझा उजवा हात टेबलावर होता, आणि मला दिसलं की तो आपोआप काहीतरी फिरवतोय.

खडखड. चार ठिकाणी.

"देवा," मी म्हणालो. "कड्या मी लावल्या."

५

सांगतो. सांगायलाच हवं, कारण हा मूर्खपणा दुसऱ्या कुणाच्या हातून झालाच नसता. बायका जाता-येता वाकडा टेबलक्लॉथ सरळ करतात तसा मी सैल कडी दिसली की फिरवतो. परक्यांच्या इमारतीत, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठंही. त्या सकाळी शिडी चढून पाहिलं तर झाकण चौकटीला बसलेलं होतं, पण चारही कड्या मोकळ्या होत्या, म्हणून तर खडखडत होतं. डोळ्यांत पाणी, हात आपले चालूच. एका क्षणात मी ओडेलच्या बाजूचा एकमेव पुरावा घट्ट आवळून टाकला, आणि वर आठवडाभर त्याच्याकडे संशयानं बघत होतो.

"बरं," व्हर्ना म्हणाली. ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "रडायचं ते नंतर. कड्या मोकळ्या आणि झाकण बंद. ते झाकण कुठल्या बाजूला उघडतं?"

"आत. मुद्दाम. पंखा सुरू झाला की आतली हवा ते चौकटीवर दाबून धरते. चालू पंख्यात कुणाला ते उघडता येणार नाही."

"आणि उघडं असताना पंखा सुरू झाला तर?"

 माझ्या डोळ्यांपुढं ती निळी रेघ आली. दोन्ही हातांच्या चार-चार बोटांवर, सरळ.

शिडीच्या टोकाशी उभा राहून, चौकट दोन्ही हातांनी धरून, आन्सगर आत वाकून बघतोय. पंखा सुरू होतो. धाड, झाकण बोटांवर. आणि मग धप्प.

"पण आन्सगरनं लाल कार्ड लावलं असणार," ओडेल म्हणाला. "पंख्याच्या बटणाला तो स्वतःच्या नावाचं कार्ड बांधल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, हा नियमच आहे. काम झालं की कार्ड तो खिशात ठेवतो. म्हणतो, आपलं नाव आपल्या खिशात."

"खिशात सापडलं?"

"नाही." ओडेलचा चेहरा पांढरा पडला. "मी सोमवारी पाहिलं. बटणाशेजारच्या खिळ्याला टांगलेलं होतं."

बटण तळघरात होतं. बॉयलरपाशी.

६

सोमवारची बैठक वाचनखोलीतच भरली. दोघे भागीदार, थोरा फॉस काळ्या कोटात, दाराशी क्लेम राडके. ओडेल भिंतीला टेकून उभा होता. कुणी त्याला बस म्हटलं नाही.

आधी मी बोललो. कड्यांचं सगळं सांगितलं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, पण सांगितलं, आणि सांगताना थोराकडे बघायची हिंमत झाली नाही. मग व्हर्नानं तीन कागद टेबलावर ठेवले आणि ते काय बोलतात ते दोन-चार वाक्यांत समजावलं.

"क्लेम," ती शेवटी म्हणाली, "तू आधी धाड ऐकलंस, मग धप्प. त्यात तू अगदी खरं बोललास. पण ते फुशीनंतर लगेच नाही ऐकलंस. निदान वीस मिनिटांनी ऐकलंस, पंख्याचं बटण दाबल्याबरोबर."

क्लेम हातातली टोपी पिळत होता.  तो बोलला तेव्हा त्याचा आवाज म्हातारा झाला होता.

"पंखा बंद म्हणजे गरम हवाही बंद, बायका गारठल्या होत्या. मर्ना दोनदा खाली येऊन ओरडून गेली, आम्हाला मारतोस का म्हणून. बाहेर शून्याखाली अठरा. मला वाटलं, फूस झाली म्हणजे त्यांचं संपलं. नेहमी फूस शेवटी असते ना! म्हटलं, आन्सगर कार्ड विसरून गेला. सोडलं, खिळ्याला टांगलं, बटण दाबलं." तो थांबला. "वर आवाज झाला. म्हटलं, पाइप असतील. मी वर गेलोच नाही, थोरा. सकाळी गेलो. आणि मग ओडेलचं नाव निघालं, आणि मी गप्प बसलो."

 मला क्लेमचा गळा धरावासा वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी माझा स्वतःचा उजवा हात आठवला.

भागीदारांपैकी एकानं घसा साफ करून ओडेलकडे पाहिलं, "ओडेल, आम्ही..." वगैरे सुरू केलं. ओडेलचं तिकडे लक्षच नव्हतं. तो व्हर्नाला विचारत होता, "मग उत्तर? त्यानं दिलं होतं ना?"

"वर दुसरं कोणी नव्हतं. तू ठोकलंस, त्यानं ऐकलं, उत्तर दिलं आणि फूस संपेपर्यंत दूर उभा राहिला. तुम्ही दोघंही बरोबर वागलात."

ओडेल भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि तोंड झाकून रडला. नऊ दिवसांचं रडू होतं ते.

थोरा उठली. मला वाटलं, त्याच्याकडे जाईल. ती माझ्याकडे आली.

"लेरॉय, आन्सगर वर कशाला गेला होता?"

"आतला माइक हलवायला. त्यानं वहीत लिहून ठेवलंय, एक फूट पुढं. ते राहिलंच."

"मग डक्ट पुन्हा शिकवावा लागेल?"

"लागेल. पण आज कशाला..."

"आजच. त्याचं अर्धं काम लटकत ठेवून मी घरी जाणार नाही." मग तिनं मान वळवून ओडेलकडे पाहिलं. "तू खाली जा. पेटी तुलाच कळते."

"मला फूस सोडता येणार नाही, मिसेस फॉस. हातच उचलणार नाही."

"थोरा म्हण. अकरा वर्षं म्हणतोयस. जा."

पंखा बंद केला. लाल कार्ड बटणाला मी बांधलं, आणि क्लेम आपणहून त्या बटणापुढं खुर्ची टाकून पाठमोरा बसला, कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणून. मी वर जाऊन माइक एक फूट पुढं सरकवला, झाकण लावलं. कड्यांकडे हात गेला, तेव्हा आधी थोराला विचारलं. ती म्हणाली, फिरव. मग फिरवल्या.

पंखाघरात इतकी थंडी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. थोरा शिडीपाशी, नेमक्या त्या जागेवर उभी होती. आन्सगरचा पाना तिच्या हातात होता. आम्ही वाट बघत होतो. खालून काहीच येईना. मला वाटलं, पोराला जमत नाहीये.

मग पत्र्यातून आलं. टक. टक. बऱ्याच वेळानं तिसरं.

थोरानं डोळे मिटले. पाना उचलला आणि तीनदा ठोकलं, जोरात, खालच्याच्या मनात शंकाच राहू नये इतकं जोरात. मग ती डक्टपासून चार पावलं मागे सरली आणि दोन्ही कान झाकून उभी राहिली.

 मग फूस सुरू झाली.